दार उघडायला सात सेकंद

...आणि वर मलाच विचारतात, तुम्हाला सांगतो, काच खाली करून, अर्धं धड गाडीबाहेर काढून विचारतात, "काय हो, हा दांडा वर जायला इतका वेळ का लागतो?" अरे बाबा, दांडा आहे तो, पापणी नाही. पार्किंगचा दांडा. तू तिकीट घातलंस, यंत्राने वाचलं, खात्री केली, वर गेला. सात सेकंद. सात सेकंदांत तुझं कुठलं राज्य बुडतंय? घरी जाऊन सोफ्यावर आडवाच होणारेस ना? पण नाही. पों पों पों. हल्ली माणसाला वाट बघायला लावणं म्हणजे त्याच्या सात पिढ्यांचा अपमान.

एकोणीस इमारतींचे दांडे सांभाळतो मी. वर जाणारे, खाली येणारे, मधेच अडकून तिरके राहणारे. पण मी काही जन्मजात दांडेवाला नाही हो. हसाल तुम्ही, पण एके काळी माझ्याकडे तीनशे बारा दारं होती.

खरी नव्हेत, खेळातली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत, एका पंख्याखाली, एक खेळ बनवला होता. 'काळ्या डोंगराची किल्ली'. टीव्हीला जोडायचा डबा असतो ना, कन्सोल, त्याच्यावर खेळायचा. त्यातही गाड्या पळवायचा नाही की नुसता ठोसाठोशीचा नाही, सोंग घ्यायचा. म्हणजे तुम्ही एका पोराचं सोंग घ्यायचं. त्याला आईबाप नाहीत, मोठ्या बहिणीने वाढवलेला, आणि ती ताई आजारी पडलेली. तिचं औषध काळ्या डोंगरात कुलूपबंद. मग तुम्ही निघायचं, तलवार मिळवायची, सोबती जोडायचे, एकाक्ष नावाड्याशी हुज्जत घालायची, राक्षस मारायचे... आणि असं साठ तास भटकून, औषध घेऊन, परत आपल्या घराच्या दाराशी यायचं. ताई आहे की गेली, माहीत नाही. तुम्ही दार वाजवायचं. पडदा काळा. एक सेकंद... दोन... तीन... सात सेकंद नुसता अंधार. आणि मग दार उघडायचं, दारात ताई, आणि ती काय म्हणायची?

"उशीर केलास. हातपाय धू."

बस. संपला खेळ. ना मिठी, ना रडारड, ना बँडबाजा. पण तुम्हाला सांगतो, दाढीमिशावाले लोक हमसून हमसून रडले आहेत त्या वाक्यावर. एका माणसाने आम्हाला पत्र लिहिलं होतं की तो ते ऐकून खरोखरच उठून हातपाय धुऊन आला.

तर त्या खेळात दारांचं काम माझ्याकडे होतं. दार वाजलं की पुढची खोली खेळाच्या तबकडीवरून, म्हणजे सीडीवरून, वाचायची आणि पडद्यावर आणायची, एवढंच. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" मधला माणूस म्हणाला, "दारं करतो." सासरे खूश. लग्नानंतर पंधरा दिवसांत त्यांनी माझ्यासमोर मोडकी खुर्ची आणून ठेवली.

पुढे कंपनी विकली गेली, आम्ही पाच जण पाच वाटांना पांगलो, मी दारांवरून दांड्यांवर आलो. आयुष्यात लोकांना आठवावं असं एकच काम हातून झालं, ते म्हणजे ते शेवटचं दार. तेही घरात सांगायची सोय नाही, कारण आमची ही लगेच म्हणणार, "तोच ना, ज्याच्यात दार उघडत नव्हतं?" अगं उघडत नव्हतं काय, उघडायचं. दार आहे ते, सात सेकंद लागणारच!

आणि या वर्षाच्या सुरुवातीला फोन आला.

"काका, मी तुमच्या खेळाची नवी आवृत्ती करतेय. नव्या कन्सोलवर. येता का बघायला?"

सदतिशीची बाई, आवाजात धार. तिच्या हाताखालची पन्नास माणसं तिला कॅप्टन म्हणतात. लहानपणी आमचा खेळ खेळलेली, त्यावर वाढलेली म्हणा ना. मी गेलो. आमच्या वेळेला एक पंखा होता, इथे यंत्रांना थंडी आणि माणसांना स्वेटर. आणि खेळ काय सांगू तुम्हाला? आमच्या खेळात एक बकरी होती. पांढरे चार ठिपके, त्याला आम्ही बकरी म्हणायचो आणि लोक मोठ्या मनाने मानायचे. इथे त्या बकरीला चाळीस हजार केस. एक माणूस आठ महिने नुसती बकरी विंचरत होता. पाण्यात ढग दिसतात, नावाड्याच्या डोळ्यात नाव दिसते, आणि ताई... आमची ताई अकरा चौकोनांची होती हो. इथे तिच्या कानामागे एक पांढरा केस. मी म्हटलं, कॅप्टन, तू सोनं केलंस.

मग शेवट दाखवायला बारा जुन्या खेळाडूंना बोलावलं. खोलीत बारा खुर्च्या, बारा डबे, आणि मागे काचेआड आम्ही. मी, कॅप्टन, आणि वरचे साहेब, ज्यांचं खेळाला लावलेलं भांडवल आणि ज्यांचा शेवटचा शब्द. बारांत एक होता व्यायामशाळेतला मास्तर. मान म्हणून वेगळी अशी नव्हतीच, खांद्यांवरून थेट डोकं सुरू. तोंडात च्युइंगगम. तर हे सगळे शेवटचा तासभर खेळले, दाराशी आले, दार वाजवलं...

फाडकन उघडलं.

अहो, वाजवायच्या आधीच उघडलं म्हणा! नवा कन्सोल, त्याला वाट बघणं ठाऊकच नाही. दार, ताई, "उशीर केलास, हातपाय धू." मास्तर च्युइंगगम चघळतोय. पुढे प्रश्नांचा कागद होता, 'शेवट बघून काय वाटलं?' बारांपैकी नऊ जणांनी लिहिलं, 'ठीक.' दोघांनी 'छान.' मास्तराने लिहिलं, 'बकरी आवडली.'

साहेब खुर्चीत मागे रेलले. "मी म्हणत होतो. हा शेवट आता चालत नाही. साठ तासांनी माणूस घरी येतो आणि बाई म्हणते हातपाय धू? अंगणात तीन तोंडांचा अजगर टाका."

"अजगर?" कॅप्टन म्हणाली.

"तीन तोंडांचा. तो मारला की मग घर. बाई दाखवायचीच असेल तर लांबून दाखवा."

म्हणजे माझं एकुलतं एक दार, त्याच्यापुढे अजगर बसवणार. आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, अजगर नको. दाराला सात सेकंद लागतात."

"कशाला?"

आता इथे मी तुमच्यापासून लपवत नाही, इथे मी थोडी... कल्पनाशक्ती वापरली. घसा साफ केला, काचेतून लांबवर बघितलं आणि म्हणालो, "मी ते मुद्दाम ठेवले होते. मनुष्यस्वभावाचा अभ्यास करून. पाच सेकंद कमी पडतात, नऊ जास्त होतात. पाच महिने घालवले मी त्या सात सेकंदांवर." कॅप्टन माझ्याकडे अशी बघायला लागली जशी देवळात बघतात. मला वाटलं, चला, एवढ्याशा थापेने कुणाचं काय जातं?

साहेब म्हणाले, "काका, या कन्सोलची जाहिरातच 'क्षणाचीही वाट नाही' अशी आहे. आणि तुम्ही त्यावर वाट बघायला लावणार? ठीक. करून बघा."

केलं. सात सेकंदांचा काळा पडदा घातला. पुन्हा बारा जण. दार वाजवलं, अंधार. पहिल्या सेकंदाला बोटं बटणांवर, दुसऱ्याला सगळी बटणं एकदम, तिसऱ्याला एकाने डब्याला चापटी मारली, चौथ्याला एक बाई म्हणाल्या, "बंद पडलं वाटतं." पाचव्याला मास्तर उठला, भिंतीशी गेला आणि प्लग काढून परत घातला. त्याच्याच नाही, सगळ्यांच्याच टीव्हींचा प्लग तो. ताई आलीच नाही.

"आठ दिवस देतो," साहेब उठत म्हणाले. "नाही जमलं तर अजगर."

कॅप्टन मला जिन्यात गाठून म्हणाली, "काका, तुमच्या त्या सात सेकंदांत नक्की काय होत होतं? नुसता अंधार नसणार. जुना प्रोग्रॅम मला बघायलाच हवा. कंपनीकडे नाहीये, गोदामात पाणी शिरलं तेव्हा सगळं गेलं. आम्ही सगळा खेळ तबकडीवरून उलटा उसवून काढलाय, पण दारांचा भाग उसवतच नाही. तुमच्याकडे काही आहे?"

खरं म्हणजे तिथेच 'नाही' म्हणायचं. पण ती 'तुमच्याकडेच असणार' अशा नजरेने बघत होती, आणि मी आधीच देव झालेलो. म्हटलं, "आहे ना. सगळा छापून ठेवलाय. घरी. नीट जपून."

जपून म्हणजे काय, तर त्या काळी प्रोग्रॅम छापायचे ते दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक घडीच्या कागदावर. मी लग्नानंतर तो गठ्ठा घरी आणला. आणि आमच्या हिने, काटकसरी बाई, तो स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरला. डबे-बरण्यांखाली. अठ्ठावीस वर्षं. काळ्या डोंगराचं अख्खं राज्य आमच्या साखर-मिठाखाली दबलेलं.

कॅप्टन घरी आली. ही म्हणाली, "या. तुम्हीच का त्या, दार उघडत नाही म्हणून आलेल्या?" मी म्हटलं, "अगं, उघडतं. लगेच उघडतं, हाच तर घोळ आहे." ही म्हणाली, "उघडलं तरी घोळ, नाही उघडलं तरी घोळ. तुम्ही पार्किंगमध्येच बरे." पण डबे उतरवू लागली. मिठाच्या बरणीखाली नावाडी निघाला. तेलाच्या बुधलीखाली राक्षस निघाला, तेलकट झालेला. आणि साखरेच्या मोठ्या डब्याखाली, तळाच्या गंजाचा गोल उमटलेला, माझ्या दारांचा कागद निघाला.

कॅप्टनने तो ओट्यावर पसरला. बोट ठेवून वाचत गेली. मी आपला खिडकीबाहेर बघतोय. घाम मात्र इथून इथपर्यंत.

"काका," ती म्हणाली, "दार वाजलं की आधी भाजीबाजार का उघडतोय?"

"हं?"

"हे बघा ना. कुठलंही दार वाजवलं की यंत्र आधी अख्खा भाजीबाजार वाचून काढतंय. सगळी दुकानं. दोनशे चौदा कोबी. एकेक कोबी मोजून आणतंय, मग सगळे फेकून देतंय, आणि मग खोली उघडतंय."

मी साखरेच्या डब्याचं झाकण उगाच घट्ट करत बसलो.

ही वळली. "दोनशे चौदा कोबी?"

आता काय सांगू तुम्हाला... सांगतोच. भाजीबाजार ही आमच्या खेळातली सगळ्यांत जड जागा. यंत्र ती पेलतंय का बघायला मी एक ओळ घातली होती, की दार वाजलं की आधी बाजार उघड. तपासणीपुरती. दुसऱ्या दिवशी काढायची. दुसऱ्या दिवशी तबकडी कारखान्यात गेली. विसरलो. बाकीच्या चौघांनी विचारलं, दारं हळू का? मी म्हटलं, यंत्रच मंद आहे. अठ्ठावीस वर्षं लोक ताईसाठी श्वास रोखून बसले होते, आणि यंत्र आत कोबी मोजत होतं.

"पाच महिने अभ्यास?" कॅप्टन म्हणाली.

"मनुष्यस्वभावाचा," मी म्हटलं. "विसराळूपणा हाही स्वभावच की."

ही इतकी हसली की तिला स्टूल द्यावं लागलं. "मला वाटायचं यांना विसरायची खोड लग्नानंतर लागली! हे तर आधीपासूनचेच!"

पण कॅप्टन हसली नाही हो. कागदावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "काका, ते कोबी असोत नाही तर काही असो. मी नऊ वर्षांची होते. मी आणि माझा दादा, त्या सात सेकंदांत आम्ही एकमेकांचा हात धरायचो. एरवी आम्ही एकमेकांचे केस धरायचो. मला ते सात सेकंद परत पाहिजेत. पण नुसता अंधार घातला तर लोक प्लग काढतात. जुन्या डब्याचं तरी घर्र-घर्र ऐकू यायचं, आत कुणीतरी आहे असं वाटायचं..."

"मग आहेच ना आत कुणीतरी," ही म्हणाली.

आम्ही दोघं बघायला लागलो.

"बघता काय? दार वाजलं आणि लगेच उघडलं नाही, म्हणजे आतलं माणूस उठून येतंय. आजारी माणूस, सावकाश येणार. तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही कधी दार उघडायला गेलाच नाहीत या घरात. मी जाते. गॅस बारीक करायचा, झाकण ठेवायचं, हात पुसायचे, चपला पायात, बोळातून चालायचं, मग कडी. बाहेरच्याला ते सगळं ऐकू येतं. ऐकणाऱ्याला कळतं कोण येतंय ते."

कॅप्टनने खिशातून फोन काढला. "काकू, एकदा करून दाखवता?"

मी बाहेर जाऊन बेल वाजवली. आतून झाकणाची खणक. मग क्षणभर काही नाही. मग चपला... सरप, सरप, सरप... बोळात जरा थांबल्या, गुडघा दुखतो तिचा तिथे... पुन्हा सरप, सरप. कडी. दार उघडलं. दारात ही, आणि तिच्या मागे कॅप्टन, फोनवरचे आकडे मला दाखवत.

सात सेकंद.

खोटं नाही सांगत. आता मी माणूस थापा मारतो हे तुम्हाला एव्हाना कळलंय, पण हे खरं. ओट्यापासून दारापर्यंत, गुडघ्यासकट, बरोब्बर सात. घर माझं, बायको माझी, आणि मी अठ्ठावीस वर्षं ते कोबीच्या खाती घालत होतो.

सहा दिवस ही रोज त्यांच्या कचेरीत चालायला गेली. त्यांनी तिच्यासाठी फरशी बदलली, चपला बदलल्या. ही म्हणाली, "माझ्याच चपला पाहिजेत, नाही तर ती परकी बाई वाटते." पन्नास शिकलेली माणसं माना डोलावतायत. बकरीवाला तर वही घेऊन बसला होता. मला कोणी विचारलं का? मला सांगितलं, काका, तुम्ही जरा चहाचं बघता का?

आठव्या दिवशी तेच बारा जण. काचेआड आम्ही, साहेब घड्याळाकडे बघत. शेजारच्या टेबलावर अजगराची चित्रं तयार, तिन्ही तोंडं रंगवलेली.

दाराशी आले. वाजवलं. पडदा काळा.

बोटं बटणांकडे गेली... आणि आत झाकण खणकलं. बोटं थांबली. एकानेही डब्याला चापटी मारली नाही. चपला. सरप, सरप. तुम्हाला सांगतो, त्या खोलीत बारा माणसं होती आणि एकाचाही श्वास ऐकू येत नव्हता. मास्तराचा जबडा थांबलेला. मधे पावलं थांबली, तो गुडघा हो, आणि एक बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "ये गं, ये." पुन्हा सरप, सरप. कडी.

दारात ताई. कानामागे एक पांढरा केस.

"उशीर केलास. हातपाय धू."

आणि व्यायामशाळेचा मास्तर, ज्याला मान नव्हती, त्याची मान त्या दिवशी पहिल्यांदा दिसली, कारण तो ती खाली घालून रडत होता. ओक्साबोक्शी. शेजारच्या बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर तो म्हणाला, "मला आईला फोन करायचाय." कागदावर 'काय वाटलं?' याच्यापुढे बारांपैकी अकरांनी काहीच लिहिलं नव्हतं, कागद ओले होते. एकाने लिहिलं होतं, 'अजून एकदा.'

मी साहेबांकडे बघितलं. साहेब भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "इथे धूळ फार आहे." ज्या खोलीत चपला घालून यायला बंदी, तिथे धूळ! मग नाक शिंकरून म्हणाले, "तो अजगर काढा. आणि बकरीलाही सांगा, शेवटी मधे मधे येऊ नको."

खेळ बाहेर पडला आणि काय सांगू, डोक्यावर घेतला लोकांनी. दुकानांतल्या फलकावर आता 'क्षणाचीही वाट नाही'च्या खाली बारीक अक्षरांत छापलंय, 'एक दार सोडून.' माझं दार! परवा पार्किंगमध्ये एकाने पों पों केलं, मी शांतपणे त्याच्या काचेपाशी वाकलो आणि म्हटलं, साहेब, सात सेकंद लागतात, जगभर लोक त्यासाठी रडतात. त्याने काच वर घेतली. घेऊ दे.

आणि शेवटी नावं येतात ना वर सरकत, ती बघायला त्यांनी आम्हाला बोलावलं होतं. हिचा गुडघा दुखायला लागला म्हणून हिला आधीच गाडीने घरी सोडलं, मी शेवटपर्यंत थांबलो. बघतो तर बकरीच्याही वर, एकट्या ओळीत, हिचं नाव. पुढे, 'ताईची पावलं'. मी आपला डोळे ताणून खाली बघतोय, खाली, अजून खाली, आणि अगदी तळाला, कचेरीच्या मांजरीच्या आधी, माझं नाव. पुढे, 'कोबी'.

चालेल म्हटलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तेही नव्हतं. छाती पुढे काढून घरी आलो. विजयी वीर. बेल वाजवली, आणि उभा राहिलो. एक... दोन... झाकण खणकेल आता. तीन... चार... सरप सरप येईल. पाच... सहा... सात.

आठ.

"अगं ए, दार!"

आतून आवाज आला, "किल्लीने उघडा. मी आता फक्त खेळात चालते."

किल्ली? अहो, माझ्याकडे तीनशे बारा दारं होती, पण किल्ली कधी एकाही दाराची नव्हती. सगळे खिसे उलटे केले, पिशवी ओतली, शेवटी शेजाऱ्यांकडे ठेवलेली मागायला गेलो, तर तेही घरात नव्हते, त्यांची वाट बघितली. पाऊण तासाने कुलूप उघडून आत गेलो. ही ओट्याशी. मान वर केली नाही. म्हणाली,

"उशीर केलात. हातपाय धुवा."

काय करणार? धुतले.